सुईचं वासरू

१

केंद्राच्या पायरीवर वासरू मरून पडलं होतं आणि त्याच्याजवळ कुणी जात नव्हतं.

काशीराम पोचला तेव्हा कापडे गावातली निम्मी माणसं धुक्यात उभी होती. सुईवाला सयाजी, गाईंना सुईनं गाभण करणारा, हातात किल्ली घेऊन बाजूला उभा होता. त्यानं अजून कुलूप काढलं नव्हतं. काढायला वासरू ओलांडावं लागलं असतं.

काशीराम महाडला पोलिसात हवालदार होता. रिटायर होऊन गावी, बौद्धवाडीत, परत आला आणि सहा महिन्यांनी श्रावणात त्याची बायको गीता गेली. तेव्हापासून तो कुणाच्या भानगडीत पडत नसे. पण सवयीनं तो पुढं झाला आणि वाकला.

वासरू तांबूस होतं, सुईच्या वासरांचा रंग असतो तसं. अंगावरचे केस पुरते आलेले, खूर घट्ट. पूर्ण दिवसांचं. पण तोंड वासराचं नव्हतं. नाक नव्हतंच. कपाळाच्या मध्यावर एकच डोळा होता, मोठा, आणि तो उघडा होता. बघावं तिकडून तो आपल्याकडंच बघतोय असं वाटत होतं.

पायरीवर लाल ओघळ होता.

"काल रातीला रडलं ते हेच," कुणीतरी म्हणालं.

ते रडणं सगळ्या गावानं ऐकलं होतं. तान्ह्या पोरासारखं, थांबून थांबून, धुक्यात कुठून येतंय ते कळू न देणारं. काशीरामनंही ऐकलं होतं. तो उठून गोठ्यात गेला होता. गीताची गाय, पवळी, जागीच उभी होती, कान टवकारून. तिला सहावा महिना संपून सातवा लागला होता, आणि पोटात होतं ते सुईचंच होतं.

गर्दीतून भैरीचा भगत नाथू पुढं आला. त्यानं डोळ्यावर हात धरून वासराकडं पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

"माघातल्या गिरानाचं हाय हे," तो म्हणाला. माघातलं ग्रहण कुणी विसरलं नव्हतं. "हिसाब करा. गिरानाच्या दिवसांत गाभण राहिलेली गाय आज येईल का नाय? आणि हे एकटंच नाय. सुईची अजून किती पोटांत हायत, मोजा."

बायांनी मनातल्या मनात मोजलं. मग सगळ्यांनी काशीरामकडं पाहिलं.

२

दुपारी शाळेत सभा भरली. सुई या विषयावर कापड्यात दीड वर्ष भांडण चालू होतं, चहाच्या दुकानात, एसटीच्या थांब्यावर, पाणवठ्यावर. पण सगळे एका छपराखाली प्रथमच बसले.

सरपंच येसाजी मध्ये बसला होता. केंद्र त्यानंच आणलं होतं. महाडच्या साहेबांकडं खेटे घालून, आपली रस्त्याकडची जागा देऊन. आज त्याचा चेहरा उतरला होता.

सयाजी उभा राहिला. महाडचा पोरगा, स्वच्छ शर्ट, आवाज कापरा. "सुई म्हणजे काही जादू नाही. वळूचंच बी असतं. गोठवलेलं. चांगल्या वळूचं, म्हणून दूध वाढतं. दहा-बारा वासरं झाली गावात, एकाला तरी काही झालं का?"

"तो वळू कुठं असतो रे?" नाथूनं विचारलं.

"लांब. पुण्याच्या पलीकडं."

"जित्ता हाय?"

सयाजी अडखळला. "कधी कधी वळू मेलेला असतो. बी राहतं. वर्षानुवर्षं राहतं."

लोक एकमेकांकडं बघू लागले. बी ठेवायचं केंद्रातलं ते भांडं सगळ्यांनी पाहिलं होतं. झाकण काढलं की पांढरा धूर काठावरून खाली उतरायचा, जमिनीवरून सरपटायचा.

"म्हंजे बाप मेल्यावर पोर पोटात घालता तुम्ही," नाथू म्हणाला. "गाईला विचारता का? तिला वळू दिसत नाय, वास येत नाय. काय आलं पोटात, तिला तरी ठावं हाय का?"

कोपऱ्यातून शाळेच्या ललिताबाई बोलल्या. त्याही सुईच्या विरोधातच होत्या, पण नाथूच्या बाजूनं नव्हत्या. "नाथूदादा, भूतबाधा सोडा. दूध वाढतं हे मी मान्य करते. पण ही जड गाय आपल्या उतारावर टिकेल का? तिला चारा जास्त लागतो, औषध लागतं, ते पावसाळ्यात कोण आणून देणार? आणि सगळ्यांनी सुईच घेतली तर आपली गावठी गाय संपेल. उद्या पटलं नाही तर ती परत कुठून आणायची? याचं उत्तर मला साहेबांनी अजून दिलेलं नाही."

"बाई, तुमच्या चहात दूध कुणाचं असतं?" मागून कुणीतरी विचारलं.

"सुईच्या गाईचं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर पाणी घालूनही दाट लागतं."

थोडं हसू झालं, पण टिकलं नाही. त्या डोळ्याची आठवण प्रत्येकाच्या मनात होती. बोलणं वाढत गेलं आणि शेवटी ठरलं ते नाथूच्या बाजूनं ठरलं. त्रिपुरी पुनवेला पुन्हा बसायचं. तोवर ते वासरू कुठल्या गाईचं ते पुढं आलं तर ठीक. नाहीतर सुईनं गाभण असलेली एकूण एक गाय आंबेनळीच्या रानात नेऊन सोडायची.

रानात सोडायची म्हणजे बिबट्याला द्यायची. कुणी तसं म्हटलं नाही.

काशीराम उठला. "सरपंच, मी चौकशी करतो."

येसाजीनं वर पाहिलं. क्षणभर तो काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाला, "करा हवालदार. तुमची गाय हाय."

"माझी नाय," काशीराम म्हणाला. "गीताची हाय."

ते खरंच होतं. गीतानं त्याला न विचारता पवळीला केंद्रात नेलं होतं. तो चिडला तेव्हा म्हणाली होती, "आपल्या घरात एक तरी जीव धडधाकट जन्माला येऊ दे."

३

सुईनं गाभण असलेल्या सगळ्या गाई काशीरामनं स्वतः जाऊन पाहिल्या. एकही व्यालेली नव्हती. सगळ्यांची पोटं जागेवर होती.

मग ते वासरू आलं कुठून?

सयाजीला विचारलं. तो केंद्राच्या आत बसला होता, दार लावून. "ग्रहणाच्या आठवड्यात माझ्याकडं एकही गाय आली नाही हो. लोक घराबाहेर पडायला तयार नव्हते. मीच भांड्यापाशी एकटा बसलो होतो. माझी बदली करतील आता. केलेली बरी."

नाथू देवळात होता. बाहेर भैरीचा वळू बांधलेला, पांढुरका, म्हातारा, मोठ्या वशिंडाचा. सुई येण्याआधी गावातल्या सगळ्या गाई त्याच्याकडं यायच्या. आता मोजक्याच येत.

"सुई बंद झाली तर तुझ्या वळूचे दिवस परत येतील, नाथू."

"माझ्यावर घालतो काय?" नाथू म्हणाला. "ते वासरू मी पुरलं, माळाच्या हद्दीला, वर दगड रचून. पुरताना माझे पाय लटपटत होते. गावाला विचार. असलं काम मुद्दाम करणारा माणूस लटपटेल का?"

नाथूचं म्हणणं काशीरामला खोटं वाटलं नाही. हवालदारकीत त्यानं भीतीचं सोंग पुष्कळ पाहिलं होतं. हे सोंग नव्हतं.

ललिताबाई वह्या तपासत होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"ज्याला सुई बंद पाडायची आहे त्यानंच हे केलं, असं तुम्ही धरून चाललात," त्या म्हणाल्या. "म्हणजे एक नाथूदादा आणि एक मी. पण काशीरामदादा, असंही असेल की कुणाला सुईशी काही घेणंदेणं नाही. कुणाला फक्त ती गोष्ट आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात टाकायची होती."

येताना तो सरपंचाच्या अंगणात थांबला. येसाजी घरी नव्हता. थोरल्या लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं, घाटावरच्या घरात. अंगण सारवलं होतं, मांडवाच्या मेढी येऊन पडल्या होत्या. येसाजीची बायको चंद्राबाई तुळशीवृंदावनाला काव लावत होती. वरचा भाग लालभडक झाला होता, खालचा तसाच कोरा.

"वैनी, निम्मंच रंगवलंत?"

"काव सरली," ती म्हणाली, वर न बघता. "ह्ये आणतो म्हणालेत महाडहून."

गोठ्यात एक दावं मोकळं लोंबत होतं.

"एक गाय कमी दिसते."

"कपिली होय. तिला सोनबा धनगराकडं वर माळावर पाठवली. चारा बरा हाय तिकडं." मग ती उठली आणि हात पुसत म्हणाली, "च्या घेता का हवालदारदादा? का तुमाला परत कामावर घेतलंय सरकारनं?"

"नाय वैनी. फुकटची ड्युटी हाय."

तो चहा न घेता निघाला. दिवस कलत होता. केंद्रापाशी कुणी फिरकत नव्हतं. पायरीवरचा तो ओघळ तसाच होता.

काशीराम थबकला. पुन्हा वाकला.

ओघळ अजून लालच होता.

४

रक्त लाल राहत नाही. उन्हात पडलं की काळं होतं, पापुद्रे धरतं. पंचवीस वर्षं त्यानं पंचनाम्यांना उभं राहून ते पाहिलं होतं. त्यानं बोट ओलं करून ओघळावर घासलं. बोट विटेसारखं लाल झालं.

दुसऱ्या दिवशी फटफटताना सयाजीला घेऊन तो हद्दीवर गेला. पाण्याची कळशी सयाजीच्या हातात होती. धुकं गुडघ्यापर्यंत होतं, केंद्रातल्या भांड्यातल्यासारखं. दगडांभोवती नाथूनं लिंबं ठेवली होती.

"हवालदार, नको," सयाजी म्हणाला.

"तू तिकडं बघ. मी बघतो."

त्यानं दगड काढले, माती सारली. डोळा अजून उघडा होता. त्यावर माती बसली होती तरी तो बघत होता. काशीरामनं आपल्या रुमालानं तो झाकला. मग पाठीवर पाणी ओतलं आणि हातानं चोळलं.

लाल पाणी मातीत उतरत गेलं. खालून पांढुरका रंग वर आला.

"सुईचं नाय हे," काशीराम म्हणाला. "याला काव फासलीय, सुईचं दिसावं म्हणून."

सयाजी आता जवळ आला. त्यानं वासराच्या खांद्यावर हात ठेवला. तिथं लहानसा उंचवटा होता. "वशिंड," तो म्हणाला. "आमच्या वासरांना असं येत नाही. पांढुरकं आणि वशिंडाचं म्हणजे..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

पुरं करायची गरज नव्हती. गावात पांढुरका वळू एकच होता आणि तो देवाचा होता.

माती परत लोटताना काशीरामनं रुमाल तसाच वासराच्या तोंडावर राहू दिला. तसंच झाकलेलं एक तोंड त्यानं फार वर्षांपूर्वी पाहिलं होतं.

५

त्याच दिवशी तो एसटीनं महाडला गेला. ढोरांचे डॉक्टर ओळखीचे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला.

"तो वळू किती वर्षं आहे गावात?"

"पुष्कळ. आम्ही म्हातारे झालो तसा तोही झाला."

"म्हणजे आता त्याच्याकडं येणाऱ्या गाई या त्याच्याच लेकी. काहींची तर आईही त्याचीच लेक. वाईट गुण वळूत लपलेला असतो, दिसत नाही. लेकीतही लपून उतरतो. दोन्हीकडून तो एकत्र आला की असं काहीतरी जन्माला येतं. याच वासरात तसंच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दुसरी कारणंही असतात. पण होतं असं. ग्रहणाचा त्यात काही संबंध नाही."

काशीराम टोपी हातात फिरवत बसला.

"डॉक्टर, माणसांत?"

"काय माणसांत?"

"मामाची पोर केली तर?"

डॉक्टरांनी त्याच्याकडं पाहिलं. "बहुतेकांना काही होत नाही," ते म्हणाले. "एखाद्याला होतं. झालं तर तो कुणाचा दोष नसतो. बाईचा तर मुळीच नसतो."

परतीच्या एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. गीता त्याच्या मामाची लेक. लग्नानंतर दोन वर्षांनी पोर झालं. दिवस मावळायच्या आत गेलं. सुईणीनं त्याचं तोंड फडक्यानं झाकलं आणि गीताला बघू दिलं नाही. म्हणाली, गिरानात हिनं विळी धरली. नंतर त्यांनी धर्म बदलला, घरातले देव गेले, उपासतापास गेले. पण ग्रहण आलं की गीता कोपऱ्यात हात मांडीखाली घेऊन बसायची. पोर होण्याचं वय उलटलं तरी बसायची. माघातल्या ग्रहणालाही बसली होती.

पोलादपूरला उतरून तो कापड्याची वाट चालू लागला. ओढ्याच्या वर कावळे कालवा करत होते. त्यानं सहज पाहिलं, आणि त्याचे पाय थांबले.

गाय लपवता येते. वासरू रंगवता येतं. पण गाय व्याली की वासरापाठोपाठ वार पडते, ती झिल्ली, आणि तिचं काय करायचं ते या भागात ठरलेलं आहे. ती कुत्र्याच्या तोंडी लागली तर गाय आटते. म्हणून घरातली बाई ती पेंढ्यात गुंडाळते आणि चिकाच्या झाडाला टांगते, वडाला नाहीतर उंबराला. झाडाच्या चिकासारखं गाईचं दूध टिकावं म्हणून. गीता ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

ओढ्यावर उंबर होता. त्याच्या फांदीला वाळलेल्या, जुन्या पेंढ्या लोंबत होत्या. त्यांच्यात एक पेंढी ओली होती. कावळे तिच्यावर होते.

प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं. हा उंबर कुणाचा ते काशीरामला माहीत होतं. उंबरावरून वर गेलेली पायवाट सरपंचाच्या परसात निघत होती.

६

चंद्राबाई परसात पेंढा रचत होती. त्याला ओढ्याकडून वर येताना पाहून तिचे हात थांबले.

काशीराम पायरीवर टेकला. "वैनी, दिवस भरत आलेली गाय कुणी डोंगर चढवतं का?"

ती पुन्हा पेंढ्याकडं वळली.

"आणि वृंदावनाची काव कशानं सरली?"

"मी काय बोलू हवालदारदादा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "रडलं ते. मानसासारखं रडलं. ह्येंनी तोंड दाबून धरलं तरी रडायचं थांबंना. लेकीचं लगीन तोंडावर. घाटावरची मानसं म्हणतील, सरपंचाच्या घराला काय लागलंय? त्यांना सुचलं, काव फासून केंद्रापुढं टाकू. कुणाचं ते कुणाला कळनार नाय. गाई रानात सोडायची बात निघंल असं नव्हतं वाटलं त्यांना."

"सरपंच केंद्र आणतात, आणि गाय देवाच्या वळूला नेतात?"

"नाथूची भीड पडली. आणि खरं सांगू, भीतीबी वाटायची. दुसऱ्यांच्या गाईंना सुई टोचलेली बरी वाटते."

"वार का टांगलीत? पुरून टाकायची."

तिनं त्याच्याकडं आश्चर्यानं पाहिलं. "कपिली आटली असती. तिनं काय केलं होतं?"

काशीराम उठला. दोन पावलं गेला आणि परत वळला. मग त्यानं तिला गीताची गोष्ट सांगितली, सुईणीच्या फडक्यापासून डॉक्टरांच्या बोलण्यापर्यंत. गीता गेल्यापासून तो एवढं कुणाशी बोलला नव्हता.

"मी नाव घेतलं तर तुमच्या लेकीचं लगीन मोडेल," तो म्हणाला. "नाय घेतलं तर पवळी रानात जाईल. उद्या पुनव हाय. मला काय करावं ते कळत नाय, वैनी."

७

सभेला शाळा पुरली नाही. बाया बाहेर व्हरांड्यात बसल्या. नाथू पुढंच होता. काशीराम उभा राहिला आणि जेवढं ठाऊक होतं तेवढं क्रमानं सांगितलं. ओघळ लाल का राहिला, कळशीभर पाण्यानं काय केलं, पांढुरका रंग, वशिंड. सयाजीनं मान डोलावली. मग त्यानं डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

"देवाच्या वळूवर बोलतोस," नाथू म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"वळूवर नाय. तो बिचारा आपण आणली ती गाय बघतो. एकच वळू एवढी वर्षं ठेवला तो आपण. आणि मी सुईची वकिली करत नाय. बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाय, आणि तो प्रश्न खराच हाय. ते वासरू सुईचं नव्हतं, एवढंच मी सांगतो."

"मग कुणाच्या गाईचं?" मागून आवाज आला. "ते सांग. नायतर तूच रंगवून धुतलंस म्हणू. तुझी गाय वाचवायला."

लोक कुजबुजले. ते बोलणं पटण्यासारखं होतं. काशीरामनं येसाजीकडं पाहिलं. येसाजी जमिनीकडं बघत होता, त्याच्या कानामागून घाम उतरत होता.

काशीरामच्या डोळ्यांपुढं अंगणातल्या मांडवाच्या मेढी आल्या.

"सांग ना."

"माझ्या गाईचं."

आवाज व्हरांड्यातून आला. चंद्राबाई उभी राहिली होती. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं.

"कपिलीचं. वार मी बांधली उंबराला. जाऊन बघा. माझ्या गाईनं काय पाप केलं नाय. माझ्या घराला काय लागलेलं नाय." ती थांबली. मग काशीरामकडं न बघता म्हणाली, "आणि या गावानं गीताला जन्मभर गिरान लावलं, तिनंबी काय केलं नव्हतं."

म्हाताऱ्या बायांपैकी एकीनं तोंडाला पदर लावला.

येसाजी सावकाश उठला. "मी टाकलं ते वासरू," तो म्हणाला. "गाई कुठं जायच्या नायत."

*

लग्न पुढं गेलं, पण मोडलं नाही. घाटावरच्या सासऱ्यानं उलट विचारलं म्हणे, आमच्याकडंही वळू एकच आहे, तुमच्या त्या डॉक्टरचा पत्ता द्या. सुईवरचं भांडण मात्र चालूच राहिलं. ललिताबाईंनी साहेबांना दुसरं पत्र धाडलं. नाथू लांबच्या गावात नवा वळू बघून आला आणि आल्यापासून त्याच्याविषयीच बोलत होता.

माघात एका संध्याकाळी पवळी व्याली. काशीराम एकटाच होता. वासरू पेंढ्यात पडलं तेव्हा गोठ्यात अंधार झाला होता, आणि ते रडलं नाही. काशीराम तिथंच उभा राहिला. कंदील त्याच्या हातात होता, पण हात वर जाईना. त्याला सगळं ठाऊक होतं, डॉक्टरांचं बोलणं शब्द न् शब्द ठाऊक होतं, तरी हात वर जाईना.

मग त्याला वाटलं, त्या वेळी गीताला कुणी बघू दिलं असतं, तर तिनं बघितलं असतं. तोंड कसंही असतं तरी.

त्यानं कंदील वर धरला.

वासरू तांबूस होतं. ओल्या तोंडावर दोन डोळे होते आणि ते उजेडाला मिचकावत होते. पवळी त्याला चाटायला लागली.

वार पडली तेव्हा त्यानं ती पेंढ्यात गुंडाळली. गीता कशी गाठ मारायची ते आठवून तशी गाठ मारली. ती नीट बसली नाही. सकाळी तो ओढ्याकडं निघाला. त्याच्या वाडीत आता उंबर उरला नव्हता, गीता वडावर टांगायची तो वडही पावसाळ्यात पडला होता. सरपंचाच्या उंबराखाली तो घुटमळला. वरून परसातून चंद्राबाईनं पाहिलं.

"बांधा की," ती म्हणाली. "झाड काय कुणाला इचारतं?"

त्यानं हात उंच करून पेंढी कपिलीच्या वाळलेल्या पेंढीशेजारी टांगली.